पासंग

रेवा विचारते, बाबा, शंभरात किती?
मी कुकरच्या शिट्ट्या मोजतोय.
दोन झाल्या की तीन, विसरतो.

नापतौल खात्यात तेहतीस वर्षं.
सियागंज, छावणी, मल्हारगंज,
बट्टे उलटे करून बुडाचं शिसं पाहिलं,
ठसा पुसट वाटला तर नखानं खरवडला.
गुळाच्या एका अडतीवर
पारड्याखाली चुंबक सापडलं, बाटलीच्या बुचाएवढं.
अडत्या म्हणाला, साहेब, हे आजोबांच्या वेळचं.
आवाजात जरा अभिमानच होता.

म्हणून ती मला विचारते.
मला काट्यातलं कळतं असा तिचा समज.

कागदावर तिनं आखलंय सगळं.
लवकर अर्ज केला तर शंभरात अकरा,
थांबून केला तर चार.
लवकर म्हणजे एक नोव्हेंबरच्या आत,
आणि त्यांनी हो म्हटलं की जायचंच,
मग दुसरं दार वाजवायचं नाही.
आमच्या वेळच्या लग्नांसारखं, मी म्हणतो.
ती हसत नाही.
लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली ही पोर,
हिला लवकरची घाई कुठून लागली?

त्या अकरात, मी सांगतो,
काही आधीच बसलेले असतील.
ज्यांचे वडील तिथेच शिकले,
ज्यांनी ग्रंथालयाची एखादी भिंत बांधून दिली,
जे होडी फार जोरात वल्हवतात.
त्यांना खाली उतरव, मग काटा बघ.
ती उतरवते, पेन्सिलीनं.
अकराचे सहा होतात.
आणि ज्यांना फी परवडत नाही
त्यांचं वजन वेगळ्या काट्यावर होतं का?
मला माहीत नाही.
तिथल्या बट्ट्यांवर ठसा कोण मारतं
तेही माहीत नाही.
सहाचे पुढे किती होतात
ते ती लिहीत नाही.

हिच्या पासंगाला पुरेल अशी एक पोर
अख्ख्या रामबागेत दाखवा, मीनल म्हणते.
हा काही पुरावा झाला नाही.
मग कशाला म्हणतात पुरावा, म्हणते,
आणि मेथी निवडत राहते.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
रात्री वाचला, शब्दकोश मांडीवर घेऊन.
त्यात मी निघालो.
मोडीत निघालेली, पावती करून घरी आणलेली
ती मखमलीची पेटी,
चिमट्यात मिलिग्रॅमची पत्री,
आणि आठ वर्षांच्या तिला मी सांगतोय,
बोट लावू नकोस,
बोटाच्या घामालाही वजन असतं.
असं म्हणालो होतो? म्हणालो असेन.
तिनं पुढे लिहिलंय,
तेव्हापासून मी हात पुसून मगच
कशालाही हात लावते.

काल तिनं परत विचारलं.
तीन, मी म्हणालो.
पटकन. कागद न बघता.
तिनं पेन्सिल खाली ठेवली.

अंथरुणात उशिरा कळलं
ते तीन कुठून आले.
बोट होतं. माझंच.
नाहीच्या पारड्यावर, आतल्या बाजूनं,
अडतीवर ठेवतात तसं, कुणाला दिसू नये असं.
होळकर कॉलेज काय वाईट आहे,
स्कूटरनं पंचवीस मिनिटं,
दुपारी जेवायला घरी.
तेहतीस वर्षं लोकांची बोटं धरली मी,
दंडाच्या पावत्या फाडल्या.

सकाळी तिच्या टेबलापाशी गेलो.
म्हटलं, ते तीन खोड.
मग किती लिहू?
काटा बिघडलाय, म्हटलं. दुसऱ्या कुणाला विचार.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग खोडरबरानं खोडलं,
कागद थोडा फाटला.

निकाल डिसेंबरात.
त्यांची संध्याकाळ, आपली पहाट, साडेपाच.
त्या दिवशी नळ आहे का बघा,
मीनल स्वयंपाकघरातून ओरडते.
मी कॅलेंडरपुढे उभा,
एक दिवसाआड बोट ठेवत
नर्मदेचं पाणी मोजत जातो.
आहे.
पाणी येणार. एवढं शंभरात शंभर.
वीज गेली नाही तर.